निरोपाचा हात

डेल्फ्ट, सोमवार, ६ ऑक्टोबर
डौवेला गायींच्या हवाली करून एकदाची आले. नवऱ्याला चार दिवस स्वतःच्या हातचं जेवू दे, मग कळेल. हिंके स्टेशनवर आली होती. आईला मूठमाती देऊन आल्यापासून आम्ही बहिणींनी एकमेकींचं तोंड पाहिलं नव्हतं, आणि आज ती फलाटावर माझ्या गळ्यात पडून रडली. मीही रडले. मग माझी बॅग उचलत म्हणाली, "रेन्स्के, आख्खं फ्रीसलँड भरून आणलंस की काय?" तेव्हा कुठे जुनी हिंके सापडली.

तिचं घर कालव्यावर. जिना इतका उभा की आमच्या गोठ्याच्या माळ्याची शिडी बरी. कॉफीबरोबर एक बिस्किट दिलं आणि डब्याचं झाकण लावलं. थेट आई. मी किती खूश आहे हे लिहायलाही लाज वाटते.

मंगळवार, ७ ऑक्टोबर
बोटीतून फिरले, तिरका मनोरा पाहिला, कांदा घालून हेरिंग मासा खाल्ला. खालचा चीजवाला फार चावट. म्हणे, फ्रीसलँडच्या बाईला चीज विकणं म्हणजे बदकाला पोहायला शिकवणं. मी म्हटलं, बदक फुकट पोहतं, तुम्ही पैसे घेता.

हिंके कामासाठी मास्ट्रिख्तला गेली, शुक्रवारी येईल. मग दोघींनी आईच्या थडग्यावर जायचं ठरलंय. जाताना एकच सांगून गेली: कालव्यापलीकडच्या खिडकीतली म्हातारी दुपारी हात करते, तिला उलटा हात करायचा. "नाहीतर म्हणेल, गावाकडच्या बहिणीला रीतभात नाही."

राखाडी कोटातली बाई. दुपारी तिने हात केला, मीही केला.

बुधवार, ८ ऑक्टोबर
चीजवाल्याने आज माझ्यामागून आलेल्या दोघांना आधी दिलं. तिसऱ्यांदा हाक मारली तेव्हा दचकून म्हणाला, "अरे, तुम्ही कधी आलात?" काल गोड बोलायला आणि आज ओळख नाही. शहरी माणसं, दुसरं काय.

म्हातारी आज खिडकीत नव्हती. पुलावर उभी होती. हात उंच, सावकाश, थांबतच नव्हता. जेवून झाल्यावर मला उमगलं की आल्यागेल्याला असा हात कोणी करत नाही. पाहुणे निघाले की आम्ही दारात उभं राहून त्यांची गाडी वळेपर्यंत असा हात करतो. पण मी तर कुठेच निघालेले नाही.

तरी मी उलटा हात केला. समोरचा हात करत असताना गप्प बसायचं आम्हाला कोणी शिकवलंच नाही.

गुरुवार, ९ ऑक्टोबर
बाजारात एका कॉफीच्या दुकानात बसले. कोणी विचारायला आलं नाही. मग एक बाई आली आणि तिने आपली पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. रिकाम्या खुर्चीवर ठेवतात तशी.

डौवेला फोन केला. तो नुसता हॅलो हॅलो करत राहिला. मी ओरडत होते. "कोणी बोलत नाही," असं कुणाला तरी म्हणाला आणि ठेवला.

म्हातारी आमच्या बाजूच्या काठावर आलीय, दारासमोर. मी हात केला नाही. अर्धा आधीच वर गेला होता, तो धरून खाली आणला.

हिंकेला फोन लावला. तिला मात्र माझं सगळं ऐकू आलं. बरी आहेस का, असं नाही विचारलं. "रोज हात केलास ना?" असं विचारलं.

मग सांगितलं. ती बाई वर्षभर हिंकेला निरोप देत होती. हिंकेने उलटा हात कधी केला नाही, तरी हळूहळू तीही लोकांना दिसेनाशी होत चालली होती. रक्ताचं माणूस पुढे केलं तरच ती सोडते. "आईच्या शेवटच्या घटकेला तू मला बोलावलं होतंस?" म्हणाली. "नाही ना? मग."

म्हणजे फलाटावरचं ते रडणं—

शुक्रवार, १० ऑक्टोबर
स्टेशनची सरकती दारं माझ्यासाठी उघडली नाहीत. परत आले. हिंके आज येणार आहे. तिला माझ्या तोंडावर हे बोलू दे. डोळ्यांत बघून—

दुपार
आली. खाली, म्हातारीच्या शेजारी उभी आहे. खरंच आली, म्हणून क्षणभर आनंद झाला मला. किती मूर्ख आहे मी.

दोघी हात करताहेत. हिंके रडतेय, पण हात थांबत नाही तिचा.

मी नाही करणार. हात मांडीखाली दाबून—

डाव्या हाताने लिहितेय. उजवा वर गेला. खाली येत नाही

हिंकेने हात खाली घेतला. डोळे पुसले. वर बघतेय, खिडकीकडे. मी इथेच आहे हिंके, खुर्चीत, इथेच— तिची नजर फिरतेय, शोधल्यासारखी— तिला मी आता