पाहुण्यांसाठी कट्टा

बाई, आमच्या विभागाच्या नव्या वर्गाचं काल उद्घाटन झालं आणि घरी आल्यापासून मला सगळ्याची किळस आलीय. प्राचार्यसाहेबांची, समितीची आणि माझीसुद्धा. तुमच्या वेळी वर्ग नवा करायचा म्हणजे भिंतींना चुना आणि फळ्याला काळा रंग. आता इथं सांगलीत त्यासाठी समिती नेमतात, विद्यार्थी आणि कर्मचाऱ्यांना विचारून आराखडा करतात. निदान कागदावर तरी. त्या समितीची अध्यक्ष मी होते.

साताऱ्यातला तुमचा वर्ग मला अजून दिसतो. पहिल्या दिवशी तुम्ही शिकवायचाच नाहीत. सगळी बाकं भिंतीकडे सरकवायला लावायचात आणि म्हणायचात, "आता तुमची तुम्ही मांडा." मी कुंडलहून आलेली, पुढची जागा पटकावण्यात पटाईत. माझं बाक मी जवळजवळ फळ्याला चिकटवलेलं असतं. तुम्ही मला उठवता, पार मागं नेऊन बसवता, फळ्यावर काहीतरी लिहिता आणि विचारता, "वाच बघू." माझ्याच बाकामुळं मला अर्धा फळा दिसत नाही. "मग मागच्यांनी काय करायचं?" एवढंच बोलता. आवाज चढवत नाही, पण माझे कान तापतात. त्यानंतर आमचा अर्धा दिवस बाकं हलवण्यात गेला आणि कुणाचीच तक्रार नव्हती.

समितीची पहिली बैठक मी तशीच घेतली. जमिनीवर मोठा कागद अंथरला, बाकं, फळा, कपाटं, कट्टा असं सगळं पुठ्ठ्याचं कापून दिलं आणि म्हटलं, मांडा. पोरं रंगून गेली. गटानं बसता यावं म्हणून हलणारी बाकं हवीत, खिडक्या उघडणाऱ्या हव्यात. शिपाईमामांनी पंख्याची बटणं दाराजवळ मागितली. आमच्यातल्या एका सरांना दुसरा फळा हवा होता. मग मेढ्याकडची एक मुलगी, कुबड्या घेऊन चालते ती, खाली वाकली आणि शिक्षकाच्या कट्ट्याचा पुठ्ठाच उचलून बाजूला ठेवला. "मॅडम, ह्यो कट्टा नकोच. सेमिनारला मला वर चढता येत न्हाई. पोरं उचलून ठेवत्यात. चांगली हायत, पर मला न्हाई आवडत." तिच्या वर्गातला एक पोरगा म्हणाला, "व्हय मॅडम, काढा कट्टा. समदीच खालनं बोलू की." मी आराखड्यावर तसं लिहिलं आणि वर पाठवून दिलं. मला त्या दिवशी तुमची लय आठवण आली होती.

सुट्टीनंतर वर्ग उघडला तेव्हा कट्टा होता तिथंच होता, फक्त वाढला होता. पायऱ्या आल्या, वर चकचकीत ग्रॅनाईट आलं, त्यावर मरून रंगाचा सोफा आला. वर्गाचा मोठा तुकडा त्यानंच खाल्लाय. मी साहेबांकडे गेले. ते हसत म्हणाले, "अहो मॅडम, पाहुणे कुठं बसवायचे? सत्कार काय खाली उभं राहून करायचा?" आपल्याकडं शाल-नारळाशिवाय पान हलत नाही हे मला ठाऊक आहे. पण वर्षातनं दोन-चार सत्कार होणार आणि त्यांच्यासाठी रोजचा वर्ग मागं रेटायचा? बाकं तर जमिनीला स्क्रूनं आवळलीत, का तर हलली की फोटोत रांग वाकडी दिसते. मी पुन्हा तोंड उघडलं, तर म्हणाले, "मतं घेतली ना आपण सगळ्यांची? झालं तर मग." दारात आमच्या त्या बैठकीचा भला मोठा फोटो लावलाय. पोरं कागदाभोवती बसलेली, आणि खाली लिहिलंय, 'विद्यार्थ्यांच्या कल्पनेतून साकारलेला वर्ग'. जाता-येता तो दिसतो आणि शिसारी येते.

कालचं सांगते. पाहुण्यांची भाषणं झाली आणि विद्यार्थ्यांची प्रतिनिधी म्हणून सत्कारासाठी त्याच मुलीचं नाव पुकारलं. ती पहिल्या पायरीशी आली आणि म्हणाली, "सर, मी हितंच घेते." साहेब वरून म्हणाले, "वर ये बाळ, फोटो चांगला येतो." आमच्यातल्याच दोघांनी तिला दंडाला धरून उचललं. कुबड्या खाली राहिल्या. खांद्यावर शाल पडली, एका हातात नारळ, दुसऱ्या हातात गुच्छ, आणि धरायला काही नाही. सोफ्याला गुडघा टेकवून ती फोटो होईपर्यंत उभी राहिली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या रांगेत बसून मीही वाजवल्या, बाई.

नंतर चहाच्या वेळी ती माझ्याकडे आली. चिडलेली नव्हती. शाल घडी करून पिशवीत घालत म्हणाली, "मॅडम, तुमी इचारलंच नसतं तर बरं झालं असतं." मी म्हटलं, चहा घे. ती मैत्रिणींबरोबर एसटीला निघून गेली आणि मी पाहुण्यांना गाडीपर्यंत सोडायला गेले.

पुढच्या आठवड्यात तिचं सेमिनार आहे, त्याच वर्गात. सगळ्यांनी खालून बोलायचं असं मी वर्गात सांगणार आहे. साहेब येऊन बघतील तेव्हा बघतील. पण तेवढ्यानं भागणार नाही हे मला कळतं. हे पत्र कुठं धाडायचं नाही, आणि खरं सांगायचं तर ते तुमच्यासाठी नव्हतंच. संध्याकाळी मी तिला मेसेज लिहायला बसले होते. "बाळ, माझं चुकलं" एवढं लिहिलं, बराच वेळ बघत राहिले आणि पुसून टाकलं. मग तुम्हाला लिहायला घेतलं, कारण तुम्ही उत्तर देणार नाही.