जूनच्या सहलीची आखणी

सोमवार, ९ एप्रिल १९७९

पोचलो एकदाचा! ओबनहून बोटीने चार तास. त्यातले तीन तास मी कठडा धरून उभा होतो आणि पोटातलं सगळं पोटातच राहिलं, हे इथे अभिमानाने नोंदवून ठेवतो. फ्लाडरे बेट लांबून नुसतं काळं दिसतं. जवळ आलं की एकेक कडा सुटा होतो, कड्यांवरून पाण्याच्या धारा दिसायला लागतात, आणि मधल्या हिरव्या पट्टीवर मेंढ्या. धक्क्यावर दोन माणसं आणि एक कुत्रा होता. माणसांनी मान हलवली, बाकीचं स्वागत कुत्र्याने केलं.

या वहीत सहलीची सगळी आखणी लिहायची आहे. पेझ्लीच्या आमच्या शनिवारच्या डोंगरमंडळाचे बारा जण जूनच्या तिसऱ्या आठवड्यात इथे येणार. आधी जाऊन वाटा चालून बघायच्या, वेळा मांडायच्या, खोल्या ठरवायच्या, हे काम मी मागून घेतलं. एकतीस वर्षं बसडेपोत वेळापत्रकं केली, ती खोड जात नाही. ज्या वर्षी निवृत्त झालो त्याच वर्षी माझी बायको जीन गेली. तेव्हापासून माझ्या आठवड्यात शनिवार हा एकच वार उरला आहे. बाकीचे सहा येतात आणि जातात.

मंडळात मी शेपूट. म्हणजे रांगेत सगळ्यांच्या मागे चालायचं, कोणी दमलं तर त्याच्यापाशी थांबायचं, कोणाला मागे टाकून पुढे जायचं नाही. आमचा चिटणीस ग्रेगर टेनंट मला चिडवतो, म्हणे ह्यू गिलफिलन जन्माला आला तोसुद्धा बाकी सगळे आले का ते बघून. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, असं मी त्याला सुनावतो. खरं सांगायचं तर मागे मला सोबत असते ती नेटी क्रुकशँकची. वय एकाहत्तर. गुडघे अधू, जीभ मुळीच नाही. आठ वर्षं मी तिच्यासाठी थांबतो आहे आणि ती मला साऱ्या पेझ्लीची उणीदुणी सांगते आहे.

मंगळवार, १० एप्रिल

राहायचं घर उतारावर आहे, स्वच्छ, खोल्या सहा. मालकीण मिसेस पेगी मॅकफी, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, एकट्याच राहतात. रात्री ओटच्या पिठात घोळून तळलेले हेरिंग मासे आणि बटाटे वाढले. बारा जणांना पुरेल एवढे होते आणि खाणारा मी एकटा.

बाई म्हणाल्या की खोल्यांसाठी लिहिलेलं माझं पत्र त्यांनी कितीदा तरी वाचलं, त्यातही मी सगळ्यांच्या मागे थांबतो ती ओळ. मग चौकशी सुरू झाली. मुलंबाळं? नाहीत. भाऊ-बहीण? नाहीत. आणि मेल्यावर पुरायची जागा कुठे घेऊन ठेवली आहे? मला हसूच आलं. म्हटलं, जीनची राख तिच्या बहिणीने नेली, माझं काय करायचं ते कोणी विचारलेलं नाही. त्यावर त्यांनी माझा हात थोपटला आणि आणखी एक बटाटा वाढला. बेटावर आता नऊच माणसं उरली आहेत. या वयात माणूस असं काहीतरी विचारणारच.

बुधवार, ११ एप्रिल

पहिली वाट चाललो. धक्का ते बेटाचा मध्य: मला पस्तीस मिनिटं, म्हणजे नेटीला सत्तर. बेट मधोमध अरुंद आहे, दोन्हीकडे खाडी, आणि तिथेच जुनं कब्रस्तान. कुठल्याही वाटेने जा, त्याच्या फाटकावरूनच जावं लागतं. विश्रांतीला जागा छान आहे, भिंत बसायला बेताची उंच. नकाशावर खूण केली.

फाटकाशी एक तरुण बाई उभी होती. अंगात तपकिरी कोट, डोक्यावर काही नाही आणि पाऊस भुरभुरत होता. मी टोपी काढली. तिने विचारलं की बोटीने आलात का आणि बरोबर कोण आहे. मग काय, मी तिला अख्खी सहल सांगितली, कोण कोण येणार, कोण कसं घोरतं. ती एकेक शब्द ऐकत होती. माझं बोलणं एवढं मन लावून कोणी ऐकल्याला किती वर्षं झाली, ते आठवेना.

शुक्रवार, १३ एप्रिल

सकाळी मिसेस मॅकफींना तिच्याबद्दल विचारलं. त्यांच्या हातातला तवा खाली आला. त्यांनी उलट मलाच विचारलं की कोट कुठला होता, केस भिजले होते का, फार वाळली आहे का. शेवटी म्हणाल्या की ती ऊना, माझी मुलगी. म्हटलं, मग घरी जेवायला का येत नाही? तर म्हणे कामावर आहे, सुटी मिळत नाही. मला वाटलं, वेधशाळेची वगैरे नोकरी असेल. असतात अशी माणसं, वारा मोजणारी.

दुपारी दोनच्या सुमाराला ती पुन्हा तिथेच, तशीच. मी तिला जरा रागेच भरलो. आई खाली एवढं रांधून वाट बघते आहे आणि तू इथे काय करतेस? ती म्हणाली की बदलीला कोणी आलं तरच जाता येतं, आणि कोणी येतच नाही. बदली न आलेला कंडक्टर दुसरी पाळीही ओढतो तेव्हा त्याचं तोंड कसं होतं, ते मी एकतीस वर्षं बघितलं आहे. तसंच तिचं झालं होतं. मी म्हटलं, जा, आईच्या हातचं जेवून ये, मी उभा राहतो. तिने विचारलं, खरंच? मनापासून? पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी हसलो आणि म्हटलं, अगदी मनापासून, आता पळ.

ती पळालीच. उतारावरून लहान मुलीसारखी. खालचं दार उघडलं, आणि मिसेस मॅकफींचा आवाज इथवर आला. असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. पण फार बरं वाटलं. आज आपला कोणाला तरी उपयोग झाला.

आता सहा वाजत आले. तिला विसर पडला असावा.

शनिवार, १४ एप्रिल

काहीतरी चुकतं आहे.

काल सात वाजता मी निघालो. फाटकापासून वळणापर्यंत दोनशे बारा पावलं. दोनशे तेरावं टाकलं आणि हाताला थंड लोखंड लागलं. फाटक. मी फाटकाशी उभा होतो.

नऊ वेळा गेलो. दोनदा डोळे मिटून, एकदा पाठमोरा, एकदा भिंतीवरून खाडीत उतरून. नऊही वेळा तेच. रात्रभर इथेच होतो. झोप आली नाही, भूकही नाही. पाऊस पडून गेला, मला थंडी वाजली नाही. ती का वाजली नाही याचीच भीती वाटते.

ऊना परत आलेली नाही.

रविवार, १५ एप्रिल, ईस्टर

मिसेस मॅकफी आल्या. हातात सुपाचं भांडं. मी प्यालो, तोंडात नुसतं गरम पाणी.

त्यांनी सगळं सांगितलं. फ्लाडरेवर जो सगळ्यांत शेवटी पुरला जातो, त्याने फाटक राखायचं, पुढचा येईपर्यंत. पूर्वी दोन-चार महिन्यांत सुटका व्हायची. एका दिवशी दोन माणसं गेली तर दोन्ही घरची माणसं पेटी खांद्यावर घेऊन धावत सुटायची, आपलं माणूस शेवटचं राहू नये म्हणून. मग लोक बेट सोडून गेले. जे उरले ते आजारी पडले की बोटीने ओबनला जातात, तिथेच मरतात, तिथेच पुरतात. ऊना तापाने गेली १९४९ साली. चोवीस वर्षांची. तिच्यानंतर इथे कोणीच नाही.

तीस वर्षं ती एकटी उभी होती. आई रोज जायची आणि म्हणायची की तू जा पोरी, मी राहते. आणि ऊना रोज नको म्हणायची. आईला ती उभी करीना. मी परका. माझं तिने घेतलं.

मी विचारलं, आता ती कुठे आहे? बाई म्हणाल्या की तीन मासे खाल्ले, माझ्या मांडीवर डोकं ठेवून निजली, आणि उजाडलं तेव्हा मांडी रिकामी होती. मग रडत रडत त्यांनी माझे हात धरले, त्यांचे मुके घेतले. मला वाटलं, म्हातारीला ढकलून द्यावं. नाही दिलं. ती गेली तर इथे माझं कोण आहे?

जाताना, चहात साखर किती विचारावं तशा हलक्या आवाजात त्या म्हणाल्या की तुम्हालाही कायमचं थोडंच आहे, कोणी मनापासून थांबतो म्हटलं की झालं. आणि जूनमध्ये तुमची अकरा माणसं यायची आहेत ना?

शुक्रवार, ४ मे

तीन आठवडे. दाढी वाढलेली नाही. माझ्या जागी एकेकाचं नाव घेऊन बघितलं. ग्रेगर नको, त्याला तीन मुली आहेत. क्रॉफर्ड नको, त्याचं आत्ता कुठे लग्न ठरलं आहे. नेटीचं नाव घेतलंच नाही.

आज ग्रेगरला पत्र लिहिलं. बेट दळभद्री आहे, घराला ओल, वाटा चिखलाच्या, मालकीण तिरसट, सहल रद्द करा. एवढं खोटं मी जन्मात लिहिलं नव्हतं. मिसेस मॅकफींनी पत्र घेतलं आणि दुपारच्या बोटीत टाकलं. मी इथून बघितलं.

मला स्वतःचा अभिमान वाटतो. सांगायला कोणी नाही, म्हणून इथे लिहितो.

सोमवार, २१ मे

ग्रेगरचं उत्तर आलं. मिसेस मॅकफींनी भिंतीपलीकडे उभं राहून वाचून दाखवलं. म्हणतो, काळजी करू नकोस, आम्ही जवळच्या अॅरन बेटावर जायचं मार्चमध्येच ठरवलं होतं. क्रॉफर्डच्या घरी हात वर करून मतं घेतली. फ्लाडरे फार लांब पडतं. तुला कोणीतरी सांगितलं असेल असं प्रत्येकाला वाटलं. सगळ्यांचा नमस्कार.

मार्च. मी निघालो एप्रिलमध्ये. स्टेशनवर मला निरोप द्यायला ग्रेगर स्वतः आला होता. गाडी हलेपर्यंत हात हलवत होता. तोंडावर सांगायचं जिवावर आलं असेल.

ज्यांना वाचवायला मी एवढं खोटं लिहिलं, ते येणारच नव्हते.

बाईंनी पत्र घडी करून माझ्या खिशात ठेवलं. त्यांनाही वाईट वाटलं, हे दिसत होतं. मला ते बघवेना.

शनिवार, २ जून

आता पहिला जो येईल, त्याला. कोणीही असो. मी काय कमी थांबलो? जन्मभर थांबलो —

पक्षी बघणारे दोघे आले. मान हलवून गेले. एक मास्तर आला, त्याने वाट विचारली, मी सांगितली, तो गेला. थांबत कोणी नाही. जगात कोणी थांबत नाही, हे मला साठीनंतर कळतं आहे.

ऊनाने मला तीनदा विचारलं. मी एकदाही विचारणार नाही.

शुक्रवार, १५ जून

वारा. दिवसभर कोणी नाही. मोठ्याने वेळापत्रक म्हणतो. पेझ्ली क्रॉस सात वाजून पाच — सात वीस — आवाज माझाच आहे का, ते —

सोमवार, १८ जून

बोट लागली. उतरलं एकच माणूस. काठी आहे. चढावर दर वीस पावलांनी थांबतं आहे.

ती चाल मला ठाऊक आहे.

देवा, ती नको.

ओरडलो. परत जा, नेटी, परत जा. तिने काठी उंच केली आणि हलवली. वाऱ्यात काही ऐकू जात नाही.

सत्तर मिनिटं. मीच मांडलेली वेळ. तेवढ्यात एक शब्द तयार ठेवायचा आहे. नको. एवढाच शब्द. ऊना तो तीस वर्षं रोज म्हणत होती आणि तेही स्वतःच्या आईला. मला एकदाच म्हणायचा आहे.

आली.

धापा टाकत आधी शिव्या घातल्या. मला दहा आठवडे पत्र नाही, मेला आहेस की काय? अॅरनला तिने हात वर केला नव्हता. बाकीच्यांना म्हणाली, माणूस तिकडे एकटा गेला आहे आणि तुम्ही सँडविचं कसली बांधता? मग एकटीच निघाली. गुडघ्यांना पट्ट्या बांधून.

मी सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. फाटक, ऊना, दोनशे तेरा पावलं. म्हटलं, काहीही म्हण पण थांबते म्हणू नकोस. मुळीच म्हणू नकोस.

तिने ऐकलं. खरं मानलं की वेड्याचं बोलणं म्हणून ऐकलं, मला कळलं नाही. तिचे डोळे भरले होते. मग म्हणाली की ह्यू, आठ वर्षं मेल्या तू माझ्यापायी थांबलास, एकदा तरी कुरकुरलास का? हो बाजूला. मी आहे इथे. जा, काहीतरी खा —

मनापासून म्हणाली. तिला दुसरं काही येतच नाही.

नको म्हणायचं आहे — आत्ता — फक्त —

बूट हलला.

थंडी वाजते आहे. भूक लागली आहे, किती भूक — मी चालतो आहे, मी थांबवतो आहे पण पाय — वळण मागे पडलं —

मागे वळून बघितलं. नेटी फाटकाशी उभी आहे. हात हलवते आहे.

मी नको म्हणालो होतो. मोठ्याने म्हणालो. म्हणालो ना? निदान तोंड तरी उघड —