धोब्यांचे सोळा दगड

बाबा, आपल्या मोहल्ल्यामागच्या तलावाच्या मधात आता एक प्लास्टिकचं कमळ आहे. संध्याकाळ झाली की ते आधी गुलाबी होते, मग हिरवं, मग निळं, आणि त्याच्या पोटातून कारंजं उडते. लोक कठड्याले टेकून फोटो काढत राहतात. भोवती लाल फरशीचा रस्ता झाला, बाकडी आली, प्रत्येक बाकड्यावर 'जनभागीदारी से' असं लिहून आलं. तुम्ही गेले तेव्हा आपलं सरकार भोपाळले बसत होतं आणि या तलावाच्या पारीवर, काठावर, म्हशी बसत होत्या. आता राज्य वेगळं झालं, राजधानी इथंच आहे, मंत्री इथंच राहतात, म्हणून तलावालेही नटणं भाग आहे. एक सरकारी विभाग आणि एक संस्था, दोघं हातात हात घालून आले आणि म्हणाले, आम्ही हा तलाव पुन्हा जिवंत करतो. अरे बाप्पा! मेला कधी होता तो? पहाटे धोब्यांचा कपडे आपटायचा आवाज थेट आपल्या ब्राह्मणपाऱ्यातल्या स्वयंपाकघरात येत होता, आणि त्या आवाजावर आई चहाचं आधण ठेवत होती. घड्याळ बंद पडलं तरी तिचं कधी अडलं नाही.

त्यांची जनभागीदारी कशी झाली ते ऐका. पारीवर शामियाना टाकला, रंगीत चिठ्ठ्या वाटल्या आणि सांगितलं, आपल्या सपनों का तालाब कसा पाहिजे ते लिहा. धोब्यांनाही बोलावलं होतं, सतरंजीवर अगदी पुढे बसवलं, कारण फोटोत ते चांगले दिसतात. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांले लिहिता येत नाही, म्हणून कॉलेजच्या पोरी त्यांच्या वतीनं लिहून राहिल्या होत्या. धोबी म्हणाले, नाल्याची घाण तलावात येऊन राहिली, धुतलेल्या कपड्याले वास येते, आमाले पाणी साफ करून द्या. झालं. अहवालात छापून आलं, धोबी समाजाची प्रमुख मागणी स्वच्छ पाणी. आणि त्याच्याच खाली शिफारस, की साबणानं पाणी खराब होते, तरी तलावावर धुणं बंद करावं. म्हणजे यांनी साफ पाणी मागितलं म्हणून यांलेच उठवलं! एवढी अक्कल चालवाले माणूस भल्लं शिकलेलं पाहिजे. आपल्यासारख्याचं काम नाही ते. नाला अजून तसाच वाहून राहिला, फक्त आता लाल फरशीच्या खालून वाहते, म्हणून कोणाले दिसत नाही. धोब्यांसाठी गावाबाहेर एक टिनाचं शेड बांधलं, मशीन लावू म्हणाले. शेडले कुलूप आहे. चोट्टे लेकाचे.

मले तुम्ही पालिकेत नेलं तो उन्हाळा आठवते. मी मॅट्रिक होऊन घरी बसली होती आणि तुम्ही तिथं मोठे नकाशेवाले बाबू. पोरीचा हात चांगला आहे असं तुम्ही साहेबाले सांगितलं म्हणे. मले मात्र जन्मात कधी सांगितलं नाही. ट्रेसिंगच्या कामावर घेतलं आणि पहिला नकाशा याच तलावाचा. सकाळची वेळ आहे, पाणी खाली गेलं आहे, तुम्ही पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून चिखलात उभे आहात आणि टेपचं दुसरं टोक माझ्या हातात आहे. धोबी घाटावर सोळा दगड. तुम्ही प्रत्येक दगडापाशी थांबता, विचारता, "ये किसका पत्थर है?" आणि नाव वहीत लिहून घेता. मी म्हणते, बाबा, दगडाले काय नाव विचारता? तुम्ही बघतही नाही माझ्याकडे. अकराव्या दगडावर एक नवी नवरी कपडे धुऊन राहिली आहे. त्यांच्यात सून आली की तिच्या वाट्याच्या दगडाले हळद लावतात. तिच्या दगडाची हळद अजून पिवळी आहे. दुपारी तिच्या सासूनं आपल्याले बासी दिली, पाण्यातला शिळा भात, कांदा आणि मिरची, आणि तुम्ही तिथंच उकिडवे बसून जेवले. येताना मले म्हणाले, आईले सांगू नको. मी गेल्या गेल्या सांगितलं. आई दोन दिवस तुमच्याशी बोलली नाही, मग तिसऱ्या दिवशी तिनंच कांदा चिरून विचारलं, कशी करतात हो ती बासी?

आणि मग तो नकाशा. मी आठ दिवस मान मोडून ट्रेसिंगच्या कापडावर उतरवला. सोळावा दगड अगदी काठावर होता, आणि नेमकं तिथंच मले 'तलाव' हे नाव मोठ्या अक्षरात टाकायचं होतं. दगड दाखवला तर अक्षर बिघडत होतं. म्हणून मी दगड सोडला. एवढासा चौकोन, कोण पाहते? तुम्ही पाहिलं. सगळ्या शाखेसमोर नकाशा टेबलावर पसरला, चष्मा वर केला आणि म्हणाले, "पोट्टी, सोळावा कुठं आहे?" मी म्हटलं, अक्षरात जात होता. तुम्ही ओरडले नाही. "अक्षर सरकते. दगड सरकत नाही," एवढंच म्हणाले आणि अख्खा नकाशा पुन्हा काढाले लावला. आठ दिवसांचं काम! मी रडली, तुमच्याशी अबोला धरला, घरी ताट सारलं. वाटलं, काय जळलं यांचं, एका धोब्याच्या दगडापायी पोटच्या पोरीले चारचौघांत मान खाली घालाले लावते हा माणूस. पण काढला पुन्हा. त्याची एक प्रत तुम्ही घरी आणली आणि कपाटात ठेवली.

आता ऐका. रिटायर होऊन मी समता कॉलोनीत घरी बसली आहे, गुडघे गेले आहेत, नातू माझ्याशी हिंदीत बोलते. एक दिवस संस्थेची बाई दारात. सुती साडी, कपाळावर रुपयाएवढी टिकली, सोबत विभागाचा साहेब. पालिकेची प्रत हापिस हलवताना बोऱ्यांत भरून कुठं गेली ते देवाले ठाऊक, म्हणून माझ्याकडे आले. मी चहा केला, चिवडा दिला, तुमचा नकाशा जमिनीवर पसरला. बाई गुडघ्यांवर बसली आणि म्हणाली, "आंटीजी, ये तो खजाना है!" तलावावर नवं सभागृह होऊन राहिलं, त्याच्या भिंतीवर मोठा करून लावायचा म्हणे, पण नव्यानं काढून, आणि माझ्याच हातानं. खाली तुमचं नाव. मी हव म्हटलं. नऊ वर्षांनी कलम हातात धरली. अर्धा झाला तेव्हा ती बघाले आली, नकाशावर वाकली आणि हळूच म्हणाली, "कितना सुंदर हाथ है आपका। बस ये छोटे-छोटे डिब्बे न हों तो? तालाब थोड़ा साँस लेगा।" डिब्बे म्हणजे ते दगड. बाबा, मी एकदाही काहून असं विचारलं नाही. भिंतीवरचं चित्र आहे, कोणाचं काय जाते, असं मनाले सांगितलं आणि सोळाच्या सोळा सोडून दिले. तुमच्या आयुष्यात तुम्ही 'सुंदर हात' म्हटलं असतं तर कदाचित नसते सोडले. हे तुमच्यावर ढकलून राहिली असं वाटेल. वाटू द्या.

उद्घाटनाले मले स्टेजवर बसवलं. शाल दिली, नारळ दिला, गोल बाजारातून आणलेलं पितळी ताट दिलं. साहेबाच्या भाषणात तीनदा 'विरासत' आली. त्या फोकनाड्याले पारी कशाले म्हणतात आणि घाट कशाले म्हणतात हे माहीत नाही, पण विरासत त्याच्या तोंडातून पानाच्या पिचकारीसारखी निघत होती. मी टाळ्या वाजवल्या. भिंतीवर तुमचं नाव होतं, पितळेच्या अक्षरांत, आणि मी त्याच्याखाली उभी राहून फोटो काढला. तो फोटो मी सगळ्या नातेवाइकांले पाठवला.

महिन्याभरानं अकराव्या दगडाची ती नवरी माझ्या घरी आली. आता माझ्यापेक्षा म्हातारी दिसते, हाताची कातडी पांढरी पडली आहे. म्हणाली, "दीदी, साहेब कहिस, जुन्ना नक्सा मा तुंहर घाट हेच नइ." जुन्या नकाशात तुमचा घाट नाहीच, तर तुमचा हक्क कशाचा, असं सांगून त्यांले हाकलून दिलं होतं. जुना नकाशा कोणता? तर भिंतीवरचा, मी काढलेला. सोळा घरांची पोटं त्या चौकोनांवर होती. बैठक आहे, तू ये, तू बाबूची पोरगी, तुझं ऐकतील, असं ती म्हणून राहिली. चहाही घेतला नाही तिनं.

मी गेली. त्याच सभागृहात बैठक, त्याच भिंतीसमोर. धोबी एका बाजूले उभे, त्यांले खुर्च्या नव्हत्या. संस्थेच्या बाईनं मले पाहून हात जोडले आणि आपल्या शेजारी बसवलं. साहेबानं भिंतीकडे बोट केलं. "मैडम, ये आपके पिताजी का ही नक्शा है न?" मी म्हटलं, हव. "तो ये लोग जो सोलह पत्थर बता रहे हैं, वो इसमें क्यों नहीं हैं?" सगळे माझ्याकडे बघून राहिले. एक वाक्य बोलायचं होतं, बाबा. ते दगड मी गाळले. बाबांचा खरा नकाशा माझ्या घरी आहे, रिक्षानं वीस मिनिटांत आणते. वरती पितळेत तुमचं नाव चमकत होतं, बाजूले ती बाई माझ्या हातावर हात ठेवून बसली होती. मी उठली आणि म्हटलं, "बाबूजी से छूट गया होगा।"

साहेबानं ते लिहून घेतलं. आणि मागून अकराव्या दगडावालीचा आवाज आला, अगदी शांत, "बाबू ले नइ छूटे होही, दीदी." बाबूंच्या हातून सुटलं नसेल, एवढंच. माझ्यावर रागावलीसुद्धा नाही. तुम्ही एकदाच तिच्या सासूच्या हातची बासी खाल्ली, तिले तुमची खात्री आहे. मी तुमच्या हाताखाली पंचवीस वर्षं काढली.

सोमवारी पुन्हा बैठक आहे, शेवटची. आज साहेबाले अर्ज लिहाले बसली होती, 'महोदय' लिहिलं, पुढं एक अक्षर सुचेना, तो कागद उलटा करून तुम्हाले लिहून राहिली. तुम्हाले हे मिळणार नाही, म्हणून तर इतकं लिहिता आलं. त्या विभागाले, त्या बाईले, त्या कमळाले मी पानभर शिव्या दिल्या आणि त्यातली एकही परत घेत नाही. सोमवारी नकाशा काखेत घेऊन जाईन की गुडघ्यांचं निमित्त करून घरी बसेन, मले खरंच माहीत नाही. एक मात्र सांगते. ते वाक्य बोलताना माझी जीभ जरासुद्धा अडखळली नाही. बोलून खाली बसली तेव्हा मले बरं वाटलं होतं, बाबा.