तांब्यावरचे हात

लायडन, ३ मार्च १६५२

आमच्या ह्यांना तसबीर हवी! तांब्यावर कोरून, कागदावर छापून, गावभर वाटायला. आमच्या लेकीचं, दिउवेरचं, लग्न वान डोर्पांकडे ठरतंय. मुलाचे आजोबा नगरसभेत होते, आणि आम्ही पडलो कापड रंगवणारे रंगारी. "अशीच पाठवली तर पोर जन्मभर रंगाऱ्याचीच म्हणवेल," हे म्हणाले. करा म्हटलं. हौसेला मोल नाही.

९ मार्च

कोरणारा बार्टेल येऊन गेला. ह्यांचं नुसतं तोंड काढून घेतलं. "आणि बाकीचं?" मी विचारलं. "बाकीचं आहे माझ्याकडे, बाईसाहेब!"

२ एप्रिल

प्रती आल्या. फरचा कोट, गळ्यात साखळी. तोंड ह्यांचंच, गालावरच्या तिळासकट. पण हात! लांब, निमुळते, बोटात अंगठी. ह्यांचे हात आखूड, जाड, नखांत नीळ मुरलेली.

बार्टेलला गाठलं. मेला हसतोय! कुणा वारलेल्या साहेबाचा जुना पत्रा. त्याचं डोकं घासून काढलं नि तिथे ह्यांचं कोरलं. "सगळेच करतात हो. कोण बघतंय?"

ह्यांना सांगितलं नाही. सकाळपासून तसबिरीसमोरून हलले नाहीत. मला मात्र वाईट वाटलं. ज्या हातांनी घर उभं केलं, नेमके तेच गाळले.

४ एप्रिल

वाटून झाल्या. वान डोर्पांकडेही एक गेली.

११ एप्रिल

वान डोर्पांच्या थोरल्या बाईंचा, म्हणजे नवऱ्यामुलाच्या आजीचा, निरोप आला. मला एकटीला बोलावलंय. हे खूश. मी नाही.

१२ एप्रिल

बाईंनी आमची तसबीर मांडीवर घेतली होती. भिंतीकडे बोट केलं. तिथे त्यांच्या वारलेल्या यजमानांची छापील तसबीर — तोच कोट, तीच साखळी, तेच हात!

"तुमच्या ह्यांना माहीत आहे?"

"नाही, बाई."

"आणि मुलीला?"

"तिलाही नाही. तिचा काही दोष नाही हो!"

तेवढ्यात त्यांची सून आत आली. "उद्या या," थोरल्या बाई एवढंच म्हणाल्या. घरी कुणाला काही बोलले नाही. दिउवेर झालरीला टाके घालत गुणगुणत होती. बघवेना.

१३ एप्रिल

लग्न पक्कं! बाईंनी आधी दार लावून घेतलं. मग म्हणाल्या, "आमचे हे मासे खारवायचे. मिठाने हात सदा फुटलेले. भिंतीवरचे हात त्यांचेही नव्हेत. कुणाचे, देव जाणे."