पालथी पायली

रविवार, संध्याकाळ

सलीमभाऊंच्या दुकानावरचा लेख पेपरला पाठवला, पण फोटोशिवाय. ती पायलीच मनात घोळतेय.

जुन्या वस्तूंचं आणि भेटवस्तूंचं हे दुकान इंग्रजांच्या काळातल्या, जंगल खात्याच्या साहेबाच्या बंगल्यात आहे. उंच छत, रुंद व्हरांडा, गिऱ्हाईक मात्र तुरळक. धान मोजायची लाकडी पायली पालथी घालून तिच्यावर त्यांनी विजेचा दिवा बसवलाय. दिसतो छान. "हाच फोटो टाका भाऊ, चार लोक तरी येतीन," म्हणाले. मी काढला.

तेवढ्यात मूल गावाकडच्या शांताबाई आल्या. पायली त्यांनीच विकलेली. आता त्यांच्याकडे धान काट्यावर मोजतात. दिवा पाहून थबकल्या.

"इकली तं इकली, पालथी काऊन घातली? अशानं घरातलं धान आटते."

"बाई, इथी कुठी धान आहे?" सलीमभाऊ हसले.

"म्हणूनच गिऱ्हाईक येऊन नाई राह्यलं!"

बाईही हसल्या. जाताना मात्र पायलीला हात लावून तो कपाळाला लावला. आम्ही दोघांनीही पाहिलं. तरी मी फोटो पाठवणारच होतो. चांगला आला होता ना!

घरी पोचलो, तर सलीमभाऊंचा फोन. "भाऊ, तो फोटो नका छापू. दिवा काढला मी."

"आणि गिऱ्हाईक?"

"येतीन तं येतीन. पायली सुलटी ठेवली, मूठभर तांदूळ टाकले. बाई परत आली तं रिकामी नाई दिसली पाहिजे."

माझ्या मोबाइलमध्ये ती अजून पालथीच होती. पुसावा का तो फोटो? इतका चांगला?

पुसला.