अंगण वाकडं होतं

१८ नोव्हेंबर

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. आम्ही सगळे ठीक. तुझ्या वहिनीचा गुडघा दुखतो, तोंड मात्र अजून दुखत नाही. तुमचं कुशल कळावं, अर्थात तू कळवशील असं नाही. फोन तू उचलत नाहीस, म्हणून दोन बसच्या अंतरावरून पत्र लिहितोय.

आधी खर्च सांगतो. बाबांचा तो दोन स्पीकरचा जाडजूड टेप दुरुस्त करून आणला. लागले एक्केचाळीस दिवस, पाच खेपा आणि तुझ्या वहिनीचा तीन दिवसांचा अबोला. अबोला मी जमेत धरलाय. नाक किती कापलं गेलं ते अजून मोजतोय.

घरात आधी चेष्टाच झाली. पोरगा म्हणाला, "बाबा, सगळी गाणी मोबाइलवर मिळतात."

"सगळी नाही मिळत."

वहिनी म्हणाली, "स्वतःचं विजेच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान, आणि टेप दुसऱ्याकडे?"

"पक्का माणूस हवा होता."

"म्हणजे तुम्ही कच्चे?"

मी जेवायला बसलो. पण तुला सांगतो, कच्चा मी नाही. एका स्क्रूड्रायव्हरवर दुकान उभं केलं. मोटार सुरू केली की नुसत्या आवाजावरून सांगतो, बेअरिंग गेलंय की कॉइल जळतेय. माझ्या हातची एकही दुरुस्ती आजवर परत आलेली नाही. बाजारात कुणालाही विचार.

टेपवाला म्हातारा एका जिन्याखालच्या खोलीत बसतो. तोंडाने फटकळ, हाताने देवमाणूस. त्याने मागचं झाकण काढलं, चाकं बोटाने फिरवून पाहिली आणि मला विचारलं, "याच्यावर गाणी ऐकायचात?"

"रोज."

"आणि कुणाला काही वाटलं नाही?"

चिमट्याने त्याने आतून एक काळं रबर ओढून काढलं. सायकलच्या ट्यूबचं कापलेलं कडं! मूळचा बेल्ट तुटल्यावर कुणीतरी ते अडकवून दिलं होतं. म्हणाला, "हे घसरतं. टेप चालतो, पण मधेच मंदावतो. वाजवणारे, गाणारे सगळे एकदमच खाली येतात, म्हणून कळत नाही. कुणा गाढवाचं काम हो हे?"

मी हसलो. त्याच्यापेक्षा मोठ्याने हसलो.

पाचव्या खेपेला टेप हातात आला. नवा बेल्ट, घासून साफ केलेलं हेड, स्पीकरला नवी जाळी, मुठीवर आरशासारखी चकाकी. वेग तर त्याने तीनदा तपासून जुळवला.

आता मुद्दा. संगीतशाळेच्या प्रवेशासाठी भरलेली तुझी कॅसेट माझ्या कपाटात आहे. तुझ्या सरांच्या घरी, त्यांच्या मशीनवर भरलेली. नुसता तुझा आवाज, साथ नाही. ती पाठवायची की नाही हे ठरवायला बाबांनी मला बसवलं, कारण घरात कान माझा. मी शेजारी पेटीचा सूर धरला आणि निकाल दिला, "सूर लांबवला की हा खाली घसरतो." तू म्हणालास, "दादा, टेप चुकतोय." मी म्हणालो, "नाचता येईना, अंगण वाकडं!" बाबांसकट सगळे खो खो हसले. कॅसेट गेली नाही. तू सतरा वर्षांचा होतास. त्यानंतर तू आंघोळ करतानासुद्धा गुणगुणला नाहीस. ते न गुणगुणणंही या कानांना ऐकू यायचं.

रविवारी सगळ्यांना समोर बसवलं, पेटी काढली आणि कॅसेट लावली. तुझा सूर पेटीच्या सुरावर असा बसला की मधून कागद जाणार नाही. वहिनी म्हणाली, "हे भाऊजी? आणि तुम्ही नको म्हणालात?"

दुसऱ्या दिवशी टेप खांद्यावर घेऊन मी संगीतशाळेत गेलो. मुख्य बाईंनी डोळे मिटून पूर्ण ऐकलं. "प्रवेशाला आणलीत?"

"हो, जरा उशीर झाला."

"किती?"

"पस्तीस वर्षं."

म्हणाल्या, "संध्याकाळच्या वर्गाला वयाची अट नाही. घेऊन या."

फॉर्म सोबत आहे. सगळं मी भरलंय, सही तेवढी तुझी. घरचे म्हणतात, पन्नाशी उलटल्यावर गाणं? लोक काय म्हणतील? लोकांनी कानात बोळे घालावेत! गाणार तो, खोकणार तो, तुमचं काय जातं? आणि तूही ऐक. राग आला तर खुशाल फॉर्म फाड. मी दहा आणलेत. रोज एक पाठवीन, पोस्टमन थकेल, मी नाही थकणार.

आणि माझा कान तेव्हाही चुकला नव्हता. सूर खरंच खाली येत होता. हे मी भर चौकात ठणकावून सांगेन.

पण म्हाताऱ्याने काढलं ते कडं त्याच महिन्यात, तुझी कॅसेट ऐकण्याआधी, मी बसवलं होतं, कुणाला न सांगता, तुझ्याच सायकलची ट्यूब कापून. माझ्या हातची ती पहिली दुरुस्ती.

तुझा,
दादा