चोळीबांगडीचं रान

आबा,

आई अंथुर्ण्याचं रान माझ्या नावावर करून देतेय. सोमवारी आम्ही दोघी इंदापूरला जाणार, ती तिथं सही करणार, आणि तिच्या वडलांनी तिला चोळीबांगडीसाठी दिलेलं ते पाऊण एकर माझं होणार. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली, तेव्हा तुम्हाला कळवायचं काही कारण नाही. तरी लिहायला बसले, कारण गेले चार दिवस मला तुमचा राग येतोय आणि तो काढायला घरात दुसरं माणूस नाही. आईपुढे तुमचं नाव काढायची सोय तुम्ही ठेवली नाहीत.

राग उकरून काढला तो एका बाईंनी. एमआयडीसीतली एक कंपनी नवं गोदाम बांधतेय आणि त्याला माझ्याकडच्या विटा घेणार आहे. आधी त्यांच्या बाई फॉर्म घेऊन आल्या. तुम्ही माझा कारखाना पाहिला नाहीत म्हणून सांगते. साखर कारखान्याच्या बॉयलरची राख, खडी क्रशरची कच आणि थोडं सिमेंट मशीनमध्ये दाबायचं, मग तीन आठवडे पाणी मारायचं. भट्टी नाही, जाळ नाही. बाईंनी विचारलं, शेतातली माती वापरता का? म्हटलं, एक घमेलंसुद्धा नाही. कामगारांना राहायला काय? म्हटलं, या, खोल्या बघून घ्या. शेवटचा प्रश्न प्रेरणेचा होता. मी म्हटलं, प्रेरणा वडलांची. त्यांनी जे केलं ते करायचं नाही असं ठरवलं आणि धंदा आपोआप उभा राहिला. बाई हसल्या आणि त्यांनी लिहून टाकलं, 'वडिलांचा वारसा'. आता त्यांना तुमचा फोटो हवाय, गोदामाच्या फाटकाजवळ फलक लावायचाय म्हणे. फोटो मी दिलेला नाही आणि देणारही नाही.

तुमचा वारसा काय होता ते एकदा लिहूनच टाकते. तुमच्या भट्टीच्या विटेला पोयटा लागायचा. पोयटा म्हणजे रानाचा वरचा थर, ज्याच्यात पीक येतं तोच. तुम्ही लोकांच्या ओसरीवर मांडी घालून चहा प्यायचात आणि सांगायचात, "तात्या, रान उंचावर हाय तुमचं. हातभर माती काढली की पाटाचं पाणी आपसूक चढंल. आन् मातीचं काय, दोन पावसाळ्यात भरून येतीया." मी नऊ-दहा वर्षांची असेन. ट्रॅक्टरवर तुमच्याबरोबर हिंडायची मला फार हौस. अशाच एका ओसरीवर मी विचारलं, "आबा, कुठून भरून येती?" तात्या हसले. तुम्ही हसला नाहीत. घरी आल्यावर चप्पल काढायच्या आत म्हणालात, "चारचौघांत बापाला इचारायचं न्हाय." पुढचा आठवडाभर मला ट्रॅक्टरवर घेतलं नाहीत. मी पुन्हा कधी विचारलं नाही, तेवढं तुम्ही मला चांगलं शिकवलंत. कुठलाही अडाणी माणूस असता तर मी सोडून दिलं असतं. पण तुम्ही शेतकऱ्याच्या पोटचे. गेलेला पोयटा परत येत नाही हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. गावातली किती रानं तुम्ही अशी सोलून नेलीत ते अजून दिसतं, पाऊस पडला की तेवढीच तळी साचतात. आणि तुम्हाला गावात दानशूर म्हणायचे. शाळेच्या कंपाउंडला तुम्ही विटा फुकट दिल्या होत्यात ना. भट्टीवर विटा थापणाऱ्यांच्या लेकरांना दिवाळीला कपडे घेतलेत. त्यांच्या खोपटांना दारं लावायचं मात्र तुम्हाला कधी सुचलं नाही.

आईचं रान तिच्या माहेरच्या वाटणीतलं. आपण तेव्हा अंथुर्ण्यातच राहायचो आणि माहेर गावातलंच, त्यामुळे रोज सकाळी भाकऱ्या उरकल्या की ती तिकडे चक्कर मारून यायची. त्यात ती फार काही पिकवायची असं नाही. घरापुरती ज्वारी, कडेनं करडई, थोडी मेथी. पण त्या रानात काय पेरायचं ते तिला कुणाला विचारावं लागत नव्हतं. पंचवीस वर्षांपूर्वीच्या त्या साली लोक शहाणे झाले होते, माती कुणी देईना. विटांची मोठी मागणी अंगावर घेऊन तुम्ही बसला होतात. जेवताना तुम्ही नुसता विषय काढलात, तर आई तव्यावरची भाकरी न उलटता म्हणाली, "माझ्या रानाला हात लावायचा न्हाय. माझ्या बाची माती हाय ती." तुम्ही म्हणालात, "बरं. न्हाय लावत." भाकरी करपली होती. तुम्ही ती मुकाट खाल्लीत.

मग तो दिवस. मी वीस वर्षांची आहे, आईला स्कूटीवर मागे बसवून बारामतीला चालले आहे. डोळे दाखवायला. तिचे डोळे तेव्हा ठणठणीत आहेत, पण मी आठ दिवस तिच्या मागे लागलेय की तुला सुईत दोरा ओवता येत नाही. डॉक्टर थेंब घालून तिला बाकावर बसवतात. नंतर आम्ही साडीच्या दुकानात जातो, मग रसवंतीत. थेंबांमुळे तिला सगळं धूसर दिसतंय, माझा दंड धरून चाललीय आणि खूश आहे. "आज काय काढलंयस गं तू? येवढी सरबराई कशापायी?" असं दोनदा विचारते. मी तिला अजून एक ग्लास रस घ्यायला लावते. तेवढ्या वेळात अंथुर्ण्यात तुमचा जेसीबी कमरेइतका खाली उतरलाय. हातभर सांगायचात आणि बायकोच्या रानात कमरेइतकं गेलात. खाली पांढरी चोपण, खारवट नापीक जमीन लागली तेव्हा थांबलात.

दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी रानात गेली आणि लगेच परत आली. चुलीपाशी बसली. चूल पेटवली नाही. तुम्ही दारात उभे राहून म्हणालात, "मी काय म्हणतो, आयक तरी." तिनं ऐकलं नाही, आणि त्यानंतर तुम्ही जाईपर्यंत ती तुमच्याशी एक शब्द बोलली नाही. अकरा वर्षं. ताट वाढायची, पाण्याचा तांब्या ठेवायची, आजारपणात तुमचे पाय चेपायची, पण बोलायची नाही. पुढे बारामतीजवळ जळोचीत आपण घर बांधलं ते त्याच विटांचं. आई अजून त्या भिंतींना खिळा ठोकू देत नाही. मला कॅलेंडर लावायचं झालं तर खिडकीच्या गजाला बांधावं लागतं.

त्या खड्ड्याच्या मागे मी सहा वर्षांपूर्वी लागले. साखर कारखान्याचा प्रेसमड, म्हणजे रस गाळून उरलेला गाळ टाकला, तलावातला गाळ टाकला, दरवर्षी ताग पेरून नांगरून गाडला. पाणी निघून जावं म्हणून चर काढले. पहिली तीन वर्षं पांढरं फटक मीठ तेवढं वर आलं. लोक हसत होते, विटांचा धंदा करून बाई मातीला खत घालतेय म्हणून. यंदा हरभरा उगवला. सगळीकडे नाही, पण निम्म्याहून जास्त रानात चांगला दाट. मी आईला सांगितलं, तर पंचवीस वर्षं ज्या रानाकडे तिनं पाहिलं नव्हतं तिकडे गुरुवारी ती माझ्याबरोबर आली. बांधावर बसली. एक ढेकूळ हातात घेऊन चुरलं, हरभऱ्याचा आंबट शेंडा खुडून तोंडात टाकला.

"आंब धरलीया," म्हणाली. मग म्हणाली, "त्यांनी घालवलं, तू आणलंस. तुझ्याच नावावर पायजे हे. सोमवारी जाऊ." मी मान हलवली. मला रडायला येत होतं. तेवढ्यात तिनं विचारलं, "येक सांग. त्या दिशी मला बारामतीला न्यायचं कुणाच्या डोक्यात आलं?"

मी म्हटलं, "आबांच्या."

"तरीच," ती म्हणाली. "तुला कुठनं सुचायला आसलं." आणि माझ्या हातावर हात ठेवला. तो तिनं गाडीत बसेपर्यंत काढला नाही.

आबा, आईनं रानाला नाही म्हटल्यावर तुम्ही तीन दिवस ओट्यावर बसून होतात. मला म्हणालात, "ती हितं असताना माझ्यानं न्हाय व्हायचं. ऱ्हाऊ दे. यंदा भट्टी बंद ठिवू." मला भट्टीवर तुमच्याशेजारी बसायचं होतं. तुम्ही मला आयुष्यात पहिल्यांदा धंद्यातलं काही सांगत होतात, आणि मी म्हटलं, मी नेते तिला बारामतीला, डोळ्यांचं निमित्त करते. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि काही बोलला नाहीत. बारामतीला जायच्या सकाळी माझ्या स्कूटीत पेट्रोल तुम्ही स्वतः टाकून आणलंत. तुम्ही नको म्हणायला हवं होतं. मी वीस वर्षांची होते, तुम्ही बाप होतात, तेवढं एक काम तुमचं होतं. ते तुम्ही केलं नाहीत म्हणून मी तुम्हाला माफ करत नाही.

नंतरच्या अकरा वर्षांत तुम्ही कधीही आईला सांगू शकला असतात, की ही युक्ती तुझ्या लेकीची. ती निदान भांडायला तरी तुमच्याशी बोलली असती. दरवेळी ती तुमच्यापुढे ताट ठेवून वळली की मला वाटायचं, आता सांगतील. तुम्ही सांगितलं नाहीत. दवाखान्यात शेवटच्या दिवशी ती तुमच्या उशाशी बसली होती, तेव्हाही नाही. मी याचे आभार मानावेत असं तुम्हाला वाटत असेल तर ते होणार नाही. तुम्ही तोंड उघडलं असतंत तर मला गुरुवारी खोटं बोलावं लागलं नसतं.

हे पत्र मी ठेवणार नाही, आईला माझं अक्षर लागतं. सोमवारी तिच्या शेजारी बसून मी सही करीन. आधी सगळं सांगावं, मग तिला काय करायचं ते करू द्यावं, हे मला कळतं. पण मला ते रान हवंय, आबा. म्हणून मी गप्प बसणार आहे.